सोदाहरण स्पष्ट करा

पुरवणी बांधायचा दोरा पांढराच असावा लागतो. रंगीत दोरा दिसला तर तो खुणेचा समजतात आणि पेपर अडकतो.

त्या वर्षी माझ्या आईला जिना चढवेनासा झाला होता.

यंत्रमागांच्या खोलीत बोलायचं असेल तर ओठ मोठे हलवायचे. आवाज चढवून उपयोग नसतो.

शेंगाचटणी दह्यात कालवली की तिखटपणा लपतो. जात नाही.

घाईत झंपर उलटा घातला तर शिवण बाहेर दिसते, आणि ती नेमकी दुसऱ्यालाच आधी दिसते.

प्रश्न तिसरा. कोणत्याही दोन संरक्षण यंत्रणा सोदाहरण स्पष्ट करा. गुण वीस.

*

तडवळकर सरांनी प्रिलिमच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वरचा पेपर उचलून त्याचं पहिलं पान घडी घातलेल्या वर्तमानपत्राखाली झाकलं. आम्ही सगळे गप्प झालो. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या एम.ए.ला जेमतेम डझनभर मुलंमुली होती, आणि त्या झाकलेल्या पानाचा अर्थ प्रत्येकाला माहीत होता. पेपर वाटण्याआधी सर एक उत्तर मोठ्यानं वाचायचे. कुणाचं ते सांगायचे नाहीत. वाचून झालं की ते उत्तर विभागाच्या कपाटात जायचं आणि पुढच्या वर्गांना नमुना म्हणून दाखवलं जायचं.

पहिल्या वर्षी दोन्ही वेळा माझं उत्तर वाचलं गेलं होतं.

आणि हे वर्ष नुसत्या मानाचं नव्हतं. सर निवृत्त होणार होते. विद्यापीठाच्या परीक्षेत विभागात जो पहिला येईल त्याला जूनपासून शिकवायला तासांवर घेऊ, असं प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. ती खुर्ची मला हवी होती. मला ती इतकी हवी होती की सर खुर्चीवरून उठले की त्यांच्या जागी बसून फळ्याकडे पाठ केल्यावर वर्ग कसा दिसेल, हे मी मनात बघून ठेवलं होतं.

पहिल्या बाकाच्या पलीकडच्या टोकाला श्रीलता गुंडेटी बसली होती. माझी मैत्रीण. पूर्व भागातल्या टॉवेलच्या मागांच्या आवाजात वाढलेली, घरी तेलुगू बोलणारी, मराठी माझ्याहून स्वच्छ लिहिणारी. आमच्या घरी आली की चप्पल काढता काढता आधी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. आई म्हणायची, वळण बघ पोरीचं.

सर वाचू लागले.

"एक मुलगी आहे. तिला एक मैत्रीण आहे. परीक्षेत ही मुलगी मैत्रिणीच्या पाठीकडे बघत बसते. पाठ वाकली की तिला वाटतं, हिला उत्तर आलं. पाठ ताठ झाली की तिला बरं वाटतं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सरांनी बोटानं गप्प केलं.

"मैत्रिणीला जास्त गुण पडले की सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं अभिनंदन ही मुलगीच करते. आणि त्याच दमात मैत्रिणीच्या आईची तब्येत विचारते. मैत्रिणीच्या घरात एक तरी गोष्ट दुखरी आहे, एवढं ऐकल्याशिवाय तिला घरी जाववत नाही. मनात असूया असताना जिभेवर कौतुक येतं, याला प्रतिक्रिया-निर्मिती म्हणतात. हे कौतुक खोटं नसतं. ते उलट्या घातलेल्या झंपरासारखं असतं. कापड तेच, फक्त शिवण बाहेर."

आता सगळा वर्गच हसला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मग ती घरी जाऊन सांगते की मैत्रीणच आपल्यावर जळते. आपल्या मनातलं न पेलवणारं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं, याला प्रक्षेपण म्हणतात."

सर थांबले. एवढंच होतं. दीड पान. वीस गुणांच्या प्रश्नाला दीड पान, एकाही पाश्चात्त्य विद्वानाचं नाव नाही, आणि सरांनी पेपर खाली ठेवला तो आरतीचं ताट ठेवावं तसा.

तिचं नाव सांगायची गरज नव्हती. उत्तराची सुरुवात माणसापासून करणारी वर्गात एकच होती.

आणि त्यातली मुलगी कोण, हेही मला कुणी सांगायची गरज नव्हती. पाठ म्हटल्याबरोबर मला श्रीलताची पाठ दिसली. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेत ती माझ्या पुढे, तिरकी बसली होती, आणि पंख्याखाली तिची वेणी हलत होती की ती लिहीत असल्यामुळे हलत होती, याचा अंदाज घेण्यात माझा एक अख्खा प्रश्न गेला होता. अभिनंदन मी करायचे, पहिलं आणि मोठ्यानं. तिच्या आईला मागावर उडणाऱ्या कापसाच्या तुसानं खोकला होता, आणि त्या खोकल्याची विचारपूस मी कधी चुकवली नव्हती.

तिनं मला पाहिलं होतं. आतून. आणि वीस गुणांना लिहून काढलं होतं.

सर पेपर वाटू लागले. माझा पेपर सगळ्यांत जाड होता, दोऱ्याला चार गाठी मारलेला. मी तिसऱ्या प्रश्नात आठ संरक्षण यंत्रणा लिहिल्या होत्या. प्रत्येकीची व्याख्या, प्रत्येकीचे फायदेतोटे, आणि शेवटी उदाहरण म्हणून सगळ्यांसाठी मिळून एक नापास झालेला विद्यार्थी. सरांनी तिसऱ्या यंत्रणेपासून पुढे सगळ्यावर तांबडी तिरकी रेघ ओढली होती.

"दोन विचारल्या होत्या, बिराजदार," सर म्हणाले. "तांब्याभर पाणी मागितलं तर तू विहीर खणून देतेस. तहानलेल्यानं काय करायचं तिचं?"

श्रीलता हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, दया करते आहे.

*

टीप लिहा: नळ.

तास सुटल्यावर जिन्याखालच्या नळापाशी ती माझी वाट बघत होती. हातात वही, चेहरा उतरलेला. तिनं विचारलं, सरांनी वाचलं ते कसं वाटलं?

मी काय बोलायचं ते वर्गातून जिना उतरताना ठरवलं होतं. साधं बोलायचं, हळू बोलायचं. पण तोंड उघडलं तेव्हा आवाज पार ग्रंथालयापर्यंत गेला.

"फारच छान गं. अभिनंदन. आणि अम्माचा खोकला कसा आहे?"

शब्द बाहेर पडले आणि मग मला ऐकू आले.

श्रीलता माझ्याकडे बघत राहिली. नळाचं पाणी वाहत होतं, तिनं ते बंदही केलं नाही. मग ती हसायला लागली. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू म्हणजे ना, शैलू." आणि नळ बंद केला.

मीही हसले. दात आवळून हसता येतं.

त्या संध्याकाळी आईच्या गुडघ्यांना तेल लावताना मी तिला सांगितलं की श्रीलता माझ्यावर जळते. आई म्हणाली, चांगली पोरगी आहे ती, उगाच काहीतरी मनात आणू नकोस. मी म्हटलं, तुला नाही कळायचं, त्याला एक शास्त्रीय नाव आहे.

*

चूक की बरोबर ते सांगा: अभ्यासाच्या सुट्टीत मी श्रीलताच्या घरी अभ्यासाला जात होते.

बरोबर. पण पुस्तकं उघडी ठेवून मी तिचा अभ्यास करत होते. तिच्यात कुठेतरी भेग असणार. इतरांची शिवण जिला एवढी स्वच्छ दिसते तिचीही कुठेतरी बाहेर आलेली असणार. ती एकदा सापडली की परीक्षेत मांडता येईल, तिनं मला मांडलं तशी.

त्यांचं घर म्हणजे मागांच्या मागची एक खोली. मधल्या भिंतीतून खटखट येत राहायची आणि पाण्याच्या पेल्यात बारीक वलयं उठायची. अभ्यासाला टेबल नव्हतं. श्रीलता पत्र्याची ट्रंक पुढ्यात ओढायची आणि तिच्यावर लिहायची. तिची आई येता-जाता पदरानं तोंड झाकून खोकायची. आमच्यापुढे ताटली ठेवून म्हणायची, "जेव की गं, मग लिही. पोटात नसलं तर डोक्यात काय येतंय."

मी बघत होते. श्रीलता आईशी तुसड्यासारखं बोलत नव्हती. भावाला ओरडत नव्हती. मी आणलेली नवी पुस्तकं हातात घेताना मात्र ती आधी पानांचा वास घ्यायची, मग पुट्ठ्यावरचं माझं नाव बघायची आणि पुस्तक उलटं ठेवायची. हे मी पाहिलं होतं. त्यात काही आहे असं मला वाटलं नाही.

एकदा मी तिला सरळच विचारलं की ही उदाहरणं तू आणतेस कुठून?

"आणायची कशाला? असतात की."

मग तिनं माझं एक उत्तर वाचायला घेतलं. प्रेरणेवरचं होतं. दुसऱ्याच ओळीला तिनं पेन्सिल थांबवली.

"हा उंदीर काढ."

"पुस्तकात आहे तो."

"म्हणून तर. परीक्षकानं सकाळपासून तोच उंदीर पिंजऱ्यात पळताना बघितलेला असतो. त्याला माणूस दाखव एक. आपण सगळे व्याख्या आधी लिहितो आणि उदाहरण मागून चिकटवतो. तू आधी माणूस बसव. तो काय करतो ते दोन ओळींत सांग. मग व्याख्या त्याच्या शेजारी नेऊन ठेव. बसली तर बसली. नाही बसली तर तुला व्याख्याच कळली नाही."

असं तिचं सगळं होतं. प्रश्नात काय करायला सांगितलंय त्या शब्दाखाली ती आधी रेघ मारायची. स्पष्ट करा म्हटलं की स्पष्टच करायचं, तुलना करा म्हटलं की दोन्ही माणसं एकाच वाक्यात उभी करायची. विचारलं तेवढ्याला उत्तर, आणि पेन खाली. मी ऐकत होते. हे सगळं मलाही येण्यासारखं होतं. मग मला का सुचलं नाही?

"पण माणूस घ्यायचा कोणता?" मी विचारलं.

तिनं वलयं उठणारा पेला बाजूला सरकवला.

"ज्याच्यावर राग आहे तो घे," ती म्हणाली. "रागातलं माणूस बारीक दिसतं. त्याची नखंसुद्धा दिसतात."

मी मान डोलावली. तिच्या नखांकडे बघितलं. ती कुरतडलेली होती.

*

एप्रिलमध्ये सोलापुरात पंखा म्हणजे तापलेला वारा ढवळायचं यंत्र. परीक्षेच्या हॉलमध्ये बैठक क्रमांक असे काही लागले होते की श्रीलता पार भिंतीकडच्या रांगेत गेली होती. मला तिची पाठ दिसत नव्हती. बरं झालं.

तिसऱ्या पेपरात प्रश्न आला: प्रक्षेपण ही संकल्पना एका प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.

मी "एका" या शब्दाखाली रेघ मारली. मग "स्पष्ट करा"च्या खाली. मग माणूस बसवला.

मी लिहिलं: एका मुलीच्या मनात मैत्रिणीबद्दल असूया आहे. ही असूया तिला स्वतःची म्हणून बघवत नाही, कारण स्वतःला ती भली समजते. म्हणून तिला ती मैत्रिणीच्या चेहऱ्यावर दिसू लागते. मैत्रीण बोलली तर त्यात दिसते, गप्प बसली तर त्यात दिसते, हसली तर हसण्यात दिसते. ती मैत्रिणीच्या घरी जाते, तिच्या हातचं खाते, आणि खाता खाता तिच्यात खोट शोधत राहते. पुरावा मिळत नाही, तसतशी तिची खात्री वाढत जाते. मैत्रीण आपल्यावर जळते असं ती आईलाही सांगते. आरशासमोर उभं राहून पलीकडच्या माणसाला केस विंचरायला सांगावं, तशी तिची गत आहे.

लिहिताना मला श्रीलता दिसत होती. ट्रंकेवर वाकलेली, कुरतडलेल्या नखांची, असूयेचं माप माझ्या अंगावर घालून बघणारी. तिच्या मनात असूया आहे यावर माझा विश्वास नव्हता. मला फक्त ती असूया तिथे असायला हवी होती. त्या रागात वाक्यं अशी सरळ येत गेली की आयुष्यात तशी कधी आली नव्हती. जाते, खाते, शोधते, सांगते. कुठून सुचत होतं हे तेव्हा मी बघितलं नाही. परीक्षेत कोण बघतं?

पर्यवेक्षक बाईंनी पुरवणी हवी का विचारलं. मी नको म्हटलं. दोन पानांत संपलं होतं.

थोड्या वेळानं भिंतीकडून श्रीलताचा आवाज आला. "मॅडम, पुरवणी." आणि मग पुन्हा एकदा, "मॅडम."

मला त्याचा आनंद झाला. हे लिहिताना तो आनंद मला जसाच्या तसा आठवतो, चवीसकट.

*

कारणे द्या: मी पहिली आले.

कारण तिसरा पेपर. बाकीच्या पेपरांत आम्ही मागेपुढे होतो, तिसऱ्यात मी तिला बरीच मागे टाकली. निकाल फलकावर लागला तेव्हा मी मागे उभी होते, गर्दीतून पुढे जायचं धाडस होत नव्हतं. तडवळकर सर कार्यालयाच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त एक बोट वर केलं.

"शैलू!"

गर्दीच्या आतून आवाज आला. सगळी माणसं वळली. श्रीलता वाट काढत आली, माझे दोन्ही हात धरले आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पहिली आलीस. अभिनंदन. आणि आईचे गुडघे कसे आहेत गं?"

मग तिनं स्वतःच जीभ चावली. आणि हसायला लागली, नळापाशी हसली होती तशीच.

"बघ," ती म्हणाली. "सुटत नाही माझी सवय."

मला काही उमगेना. मी तिच्याकडे नुसती बघत होते. तिला ते समजूतदारपणाचं वाटलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला.

"सरांनी ते वाचलं ना, तेव्हा मला वाटलं, झालं, आता ही माझ्याशी कधी बोलणार नाही. नाव झाकून काय होतंय, तू एक जण तर ओळखणारच होतीस मला. किती वर्षं मी तुझ्यावर जळत होते माहितीये? पहिल्या वर्षी सरांनी तुझी उत्तरं वाचली तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून. तुझ्याकडे टेबल होतं, शैलू. खिडकीपाशी. तुमच्या घरी आले की मी आधी टेबल बघायची आणि मग आईंचे गुडघे विचारायची."

मागून कुणीतरी माझं नाव घेतलं. मी वळले नाही.

"आणि तू काय केलंस? खाली येऊन माझीच नक्कल केलीस. अभिनंदन, आणि अम्माचा खोकला कसा आहे. मी मनात म्हटलं, हिनं ओळखलं आणि हसून सोडून दिलं. दुसरी कुणी असती तर वर्गभर केलं असतं. त्या दिवसापासून माझं जळणं पार गेलं नाही, पण त्याला धार राहिली नाही." तिनं माझे हात सोडले. "तू ओळखलं होतंस ना?"

"हो," मी म्हटलं.

"वाटलंच मला." मग तिनं विचारलं की तिसऱ्या पेपरात प्रक्षेपणाला मी कोण घेतलं होतं. तिला म्हणे स्वतःचं उदाहरण पुन्हा लिहवेना, दुसरं माणूस सापडेना, म्हणून तिनं पुस्तकातलं सगळं ओतलं होतं, पुरवण्या लावून लावून.

"कुणी नाही," मी म्हटलं. "बनवलेलं होतं."

"बनवलेल्याला एवढे गुण नाही पडत गं," ती म्हणाली, आणि तिच्या रिक्षाकडे निघाली. जाताना तिची पाठ मी बराच वेळ बघितली. ती ताठ होती.

जूनमध्ये ती खुर्ची मला मिळाली. कपाटाची किल्लीही मिळाली. तिचं दीड पान मी दर वर्षी वर्गात वाचते, नाव झाकून. झंपराच्या वाक्याशी मुलं हसतात, आणि एखादी मुलगी खाली मान घालते. मग मी सांगते की प्रश्न आधी शांतपणे वाचा आणि उत्तर त्याहून शांतपणे.

प्रिलिमच्या त्या पेपराला आम्हाला हजेरीच्या, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं बसवलं होतं. पुढच्या बाकावर बिराजदार, म्हणजे मी. माझ्या मागे गुंडेटी.